खोल समुद्रातली सहल आणि हरवलेली पाणबुडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून २०२३ मध्ये टायटॅनिक जहाजाचा सांगाडा बघायला पर्यटकांना नेणारी ‘टायटन’ ही छोटी पाणबुडी बेपत्ता झाली, तेव्हा चार दिवस टीव्हीच्या कोपऱ्यात ऑक्सिजनचं घड्याळ उलटं चालत होतं. आपण सगळेच ते बघत होतो. त्या चार दिवसांत वॉट्सॲपवर जेवढं ज्ञान फिरलं, त्यातलं निम्मं अजून फिरतंय. दरम्यान ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी कोस्ट गार्डचा तीनशेहून जास्त पानांचा चौकशी अहवाल आला. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचाही आला. त्यामुळे तेव्हा अंदाजाने दिलेली बरीच उत्तरं आता ठामपणे देता येतात. मला या विषयाची जुनी खोड आहे, म्हणून लोक मलाच विचारतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

पाणबुडी आणि सबमर्सिबल यात फरक काय?

पाणबुडी स्वतःच्या जिवावर बंदरातून निघते आणि परत येते. सबमर्सिबलला आई लागते. म्हणजे एक मोठं जहाज तिला जागेवर नेतं, पाण्यात सोडतं, वरून तिच्यावर लक्ष ठेवतं आणि संध्याकाळी उचलून घेतं. तिच्या बॅटऱ्या काही तासांपुरत्याच असतात. मराठी बातम्यांत दोन्हींना पाणबुडीच म्हणतात, मीही खाली तसंच म्हणणार आहे. फक्त एक लक्षात ठेवा, नौदलाच्या बहुतेक पाणबुड्या काही शे मीटरच्या खाली जात नाहीत. टायटॅनिक पडलंय ३,८०० मीटरवर.

टायटनचं नेमकं काय झालं?

१८ जून २०२३, रविवार. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवर ‘पोलर प्रिन्स’ या जहाजावरून टायटन सकाळी खाली निघाली. आत पाच जण होते. ओशनगेट कंपनीचा प्रमुख स्टॉकटन रश स्वतः चालवत होता. बरोबर टायटॅनिकवर ३७ वेळा जाऊन आलेले ७७ वर्षांचे फ्रेंच पाणबुडे पॉल-आंरी नार्जोले, ब्रिटिश उद्योजक हमीश हार्डिंग, पाकिस्तानी वंशाचे उद्योगपती शहजादा दाऊद आणि त्यांचा १९ वर्षांचा मुलगा सुलेमान. (हार्डिंगचं नाव आपल्याकडेही एकदा येऊन गेलं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून चित्ते आले, त्या विमानाची व्यवस्था त्याच्या कंपनीने केली होती.)

निघाल्यापासून दीड-पावणेदोन तासांनी, १० वाजून ४७ मिनिटांनी, साधारण ३,३०० मीटर खोलीवरून शेवटचा संदेश आला. दोन वजनं सोडली, एवढाच. उतरण्याचा वेग कमी करायला वजनं सोडतातच, त्यात वावगं काही नव्हतं.

पुढे कोस्ट गार्डने जहाजावरची एक चित्रफीत खुली केली. त्यात रशची पत्नी वेंडी संगणकासमोर बसलेली दिसते. एक बारकासा धप्प आवाज येतो. ती मान वर करून विचारते, हा कसला आवाज? आणि मग काही क्षणांनी तो वजनांचा संदेश पडद्यावर उमटतो. ती निर्धास्त होते. पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर जातो, म्हणजे खालचा आवाज वर यायला दोन-सव्वादोन सेकंद. संदेश यंत्रणेतून गाळत-गाळत येतो, म्हणून मागे पडला. निधनाची खबर आधी पोचावी आणि खुशालीचं पत्र नंतर, तसं झालं. चार दिवसांनी, २२ जूनला, ‘ओडिसियस’ नावाच्या दूरनियंत्रित यंत्राला टायटॅनिकच्या नाळेपासून सुमारे ५०० मीटरवर टायटनची शेपटी दिसली आणि ती पाण्याच्या दाबाने आत चेपून फुटली, म्हणजे तिचा अंतःस्फोट झाला, हे स्पष्ट झालं.

तिथे दाब असतो म्हणजे किती?

दर दहा मीटरला साधारण एक वातावरणाएवढा दाब वाढतो. मालवणला मी पहिल्यांदा पाण्याखाली गेलो, तेव्हा सहा-सात मीटरवरच कान ठणकायला लागले. शिकवणाऱ्या मुलाने नाक दाबून फुंकायची खूण केली, तेव्हा कुठे सुटलो. त्याने खाली येताना झाकण लावलेली पाण्याची रिकामी बाटली आणली होती. वर टणक असलेली ती बाटली खाली अशी चेपली होती, जणू कुणीतरी बसमधून उतरताना पायाखाली घेतली असावी. हे फक्त सात मीटरला.

टायटॅनिकपाशी दाब आहे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३९० किलो. करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर सिमेंटची जवळजवळ आठ पोती. शास्त्रज्ञ गंमत म्हणून थर्मोकोलचे चहाचे कप जाळीत बांधून खोल पाठवतात. वर येतात ते अंगठ्याच्या पेराएवढे होऊन, आकार तोच, फक्त बाहुलीच्या भातुकलीतले. थर्मोकोलमधली हवा पिळून निघालेली असते. माणूस ज्या पोकळीत बसतो, तीही हवाच असते.

आतल्या लोकांना कळलं असेल का? वेदना झाल्या असतील का?

वेदना नाही. कवच फुटल्यावर पाणी आत घुसायला लागतात काही मिलिसेकंद, आणि वेदना मेंदूपर्यंत जाऊन जाणवायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. आधी काही कळलं का, याबद्दल इंटरनेटवर एक लांबलचक संवाद फिरत होता, घाबरलेल्या प्रवाशांचा आणि जहाजाचा. तो बनावट असल्याचं चौकशीत निघालं. खऱ्या नोंदींत घबराटीचा एकही शब्द नाही.

मग चूक कुठे झाली? कार्बन फायबर तर विमानातही असतं.

असतं, पण विमानात हवा आतून बाहेर ढकलते. समुद्रात पाणी बाहेरून आत दाबतं. कार्बन फायबर म्हणजे धागे आणि त्यांना धरून ठेवणारा डिंकासारखा राळ. धागा ओढाल तेवढा ताण सोसेल, पण दोरी कितीही मजबूत असली तरी ती ढकलता येत नाही. दाबाखाली थर एकमेकांपासून सुटायला लागतात, आणि हे सुटणं बाहेरून दिसत नाही.

टायटनचा नळकांडी भाग सुमारे पाच इंच जाड होता, साधारण एकेक इंचाचे पाच थर. दोन टोकांना टायटॅनियमचे अर्धगोल, ते ज्या कड्यांवर बसवलेले त्या कड्या कवचाला चिकटवलेल्या. ‘चिकटवलेल्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तपासात त्या थरांमध्ये सुरकुत्या आणि सूक्ष्म पोकळ्या सापडल्या. १५ जुलै २०२२ रोजी ८०व्या बुडीनंतर वर येताना आतल्यांनी मोठा धमाका ऐकला होता. कवचावरच्या ताणमापकांचे आकडे त्या दिवसानंतर बदलले. म्हणजे यंत्र सांगत होतं. ते आकडे कुणी नीट वाचून बुडी थांबवली नाही. पुढचा हिवाळा ती न्यूफाउंडलंडमध्ये उघड्यावर, बर्फात उभी होती. भेगेत पाणी शिरून गोठलं की काय होतं, हे घाटातल्या दरडी बघणाऱ्याला सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. खोल जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या पाणबुड्यांत माणसं गोळ्यात बसतात, कारण गोळ्यावर दाब सगळीकडून सारखा येतो. पण गोळ्यात दोन-तीनच माणसं मावतात. पाच जण बसवायचे तर नळकांडं हवं, नळकांडं धातूचं केलं तर फार जड होतं, जड झालं की मोठं जहाज आणि मोठी क्रेन लागते, आणि खर्च वाढतो. म्हणून कार्बन फायबर. एका तिकिटाची किंमत अडीच लाख डॉलर, तेव्हाचे साधारण दोन कोटी रुपये. माझ्या मते त्या पाणबुडीचा आकार समुद्राने नाही, तिकिटांच्या हिशेबाने ठरवला होता.

व्हिडिओ गेमच्या रिमोटने चालवत होते म्हणून बुडाली, खरं ना?

नाही. तसले कंट्रोलर सैन्यातही वापरतात. फोटो मजेशीर होता म्हणून सगळ्यांना तेवढंच आठवतं.

कुणी सावध केलं नव्हतं का?

केलं होतं, आणि कमी जणांनी नाही. २०१८ मध्ये कंपनीचेच सागरी कामकाज प्रमुख डेव्हिड लॉकरिज यांनी लेखी हरकत घेतली. कवचाची तपासणी झालेली नाही, पुढच्या खिडकीचं प्रमाणन १,३०० मीटरपर्यंतच आहे, असे मुद्दे होते. त्यांना कामावरून काढलं, वर खटला भरला. त्याच वर्षी मार्चमध्ये या धंद्यातल्या तीन डझनांहून जास्त जाणकारांनी रशला पत्र लिहून, हे प्रयोग अनर्थाकडे नेतील, असा इशारा दिला. २०१९ मध्ये बहामात कार्ल स्टॅन्ली नावाच्या अनुभवी चालकाने टायटनमध्ये बसून कडकड आवाज ऐकले आणि रशला सविस्तर मेल लिहिले. पुढे त्या कवचात भेग सापडली आणि ते बदललं, पण दुसरं कवचही त्याच पद्धतीचं केलं. (स्टॅन्ली स्वतः होंडुरासमध्ये घरी बनवलेल्या, कुणीही प्रमाणित न केलेल्या पाणबुडीतून पर्यटकांना ६०० मीटरपर्यंत नेतो. म्हणजे बेफिकीर माणसालाही जे खटकलं, ते किती उघड असेल!)

कोस्ट गार्डच्या अहवालाने दुर्घटना टाळता येण्याजोगी होती असं म्हटलंच, शिवाय रश जिवंत असता तर प्रकरण फौजदारी तपासाकडे गेलं असतं, असंही सूचित केलं.

सरकारी परवानगी कशी मिळाली?

मागितलीच नव्हती. जहाजांना आणि पाणबुड्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गीकरण संस्था असतात, नॉर्वेची डीएनव्ही, अमेरिकेची एबीएस वगैरे. आराखडा, धातू, वेल्डिंग, दाबाची चाचणी, सगळं त्यांच्या माणसासमोर होतं. रशच्या मते या संस्था नव्या कल्पनांना फार वेळ लावतात. टायटन कोणत्याही देशात नोंदलेली नव्हती आणि बुडी मारायची ती आंतरराष्ट्रीय पाण्यात. प्रवाशांना प्रवासी न म्हणता ‘मोहीम विशेषज्ञ’ म्हणायचे, म्हणजे प्रवाशांसाठीचे नियम लागू नयेत. सही करायच्या कागदावर पहिल्याच पानात मृत्यूचा उल्लेख तीनदा होता, असं एका माजी प्रवाशाने सांगितलं.

‘सही केली होती ना, मग?’ असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. धोका मान्य करायला आधी तो कळावा लागतो. आदल्या वर्षीच्या धमाक्यानंतर आकडे बदललेत, हे त्या कागदावर नव्हतं.

९६ तासांचा ऑक्सिजन होता म्हणजे चार दिवस जगले असते?

हा हिशेब टीव्हीने फार सोपा करून टाकला. बंद जागेत माणूस बहुधा ऑक्सिजन संपण्याआधी स्वतःच्याच उच्छ्वासाने मरतो. कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारं रसायन लागतं, त्यातून हवा फिरवायला पंखा लागतो आणि पंख्याला वीज. जून १९७३ मध्ये फ्लोरिडाजवळ ‘जॉन्सन सी लिंक’ ही पाणबुडी बुडालेल्या युद्धनौकेच्या सांगाड्यात अडकली, फक्त शंभर-सव्वाशे मीटरवर. मागच्या कप्प्यातल्या दोघांचा जीव गेला, कारण थंडीत ते रसायन नीट काम करेना. त्यातला एक, एडविन क्लेटन लिंक, ती पाणबुडी घडवणाऱ्या एडविन लिंक यांचा मुलगा. वडील वर जहाजावर होते.

दुसरं म्हणजे थंडी. खाली पाणी शून्याच्या जरासं वर असतं आणि वीज गेली की आतही तेच.

समजा टायटन फुटली नसती, नुसती बंद पडली असती. मग?

मग ती बहुधा स्वतःहून वर आली असती. वजनं सोडण्याच्या अनेक पद्धती तिच्यात होत्या. एका पद्धतीत वजनांचे दुवेच असे होते, की खाऱ्या पाण्यात काही तासांनी विरघळून तुटायचे. आतले सगळे बेशुद्ध असले तरी पाणबुडी वर यावी, ही खरंच चांगली कल्पना. पण झाकण बाहेरून १७ बोल्टनी बंद केलेलं. वर येऊन लाटांवर डोलत असतानाही आतून उघडता येणार नाही, आणि पांढऱ्या फेसात पांढरी पाणबुडी विमानातून शोधायची. हवेच्या एका भिंतीपलीकडे गुदमरायची सोय.

खाली हरवलेली वस्तू शोधतात कशी?

पाण्यात रेडिओ चालत नाही, जीपीएस तर नाहीच. दिवा लावला तरी वीस-पंचवीस मीटरपलीकडे अंधार. राहतो तो आवाज. विमानातून ध्वनिग्राहक बोया टाकतात, जहाजावरून सोनारने तळ चाचपतात आणि शेवटी केबलला बांधलेलं आरओव्ही म्हणजे दूरनियंत्रित यंत्र खाली सोडून कॅमेऱ्याने बघतात. ते नुसतं तळाशी पोचायलाच दोनेक तास घेतं. तळही सपाट नाही, आणि इथे तर टायटॅनिकचेच तुकडे विखुरलेले. सोनारवर उठावदार दिसलेली गोष्ट १९१२ सालचा बॉयलर निघू शकते.

टायटनच्या वेळी इतक्या खोल जाणारं यंत्र जवळपास नव्हतंच. ओडिसियस अमेरिकेतल्या बफेलोहून लष्कराच्या मालवाहू विमानांनी सेंट जॉन्सला आणलं, तिथून ‘होरायझन आर्क्टिक’ जहाजावर चढवलं, मग समुद्रातला प्रवास. फ्रान्सचं ‘व्हिक्टर ६०००’ही निघालं होतं. एवढी धावाधाव करूनही पहिलं सक्षम यंत्र तळाला लागलं ते पाचव्या दिवशी.

ठोकल्याचे आवाज ऐकू आले होते ना, दर अर्ध्या तासाने?

आले होते, आणि त्यावर जगाची आशा टांगली गेली. त्यांचा टायटनशी संबंध नव्हता. समुद्र शांत नसतो. जहाजांचे पंखे, देवमासे, शोधपथकाची स्वतःची यंत्रं, सगळ्यांचा गलका असतो.

अमेरिकी नौदलाने पहिल्याच दिवशी स्फोट ऐकला होता. मग शोधाचं नाटक कशाला?

नाटक नव्हतं. नौदलाच्या यंत्रणेत अंतःस्फोटाशी जुळणारा आवाज नोंदला गेला होता आणि तो शोध चालवणाऱ्यांना कळवलाही होता. पण आवाज ‘जुळतो’ म्हणजे सिद्ध होत नाही. घरातलं माणूस विहिरीत पडल्याची शंका असली, तरी तळ दिसेपर्यंत कुणी गळ बाहेर काढत नाही. मी त्या अधिकाऱ्यांच्या जागी असतो तर मीही शोध चालूच ठेवला असता.

इतक्या खोलातून कुणाला कधी जिवंत काढलंय का?

इतक्या म्हणजे हजारो मीटरवरून, नाही. विक्रम आहे ४८० मीटरचा. ती गोष्ट सविस्तर सांगायलाच हवी.

२९ ऑगस्ट १९७३. आयर्लंडच्या नैर्ऋत्येला ‘पायसीज ३’ ही छोटी पाणबुडी समुद्रतळावर टेलिफोनची केबल पुरण्याचं काम करत होती. आत दोन रॉजर, एक चॅपमन आणि एक मॅलिन्सन. काम संपवून वर आल्यावर, अगदी जहाजाला बांधताना, दोर मागच्या यंत्रकप्प्याच्या झाकणात अडकला आणि झाकण उखडलं. कप्प्यात टनभर पाणी भरलं. पाणबुडी उलटी होऊन खाली निघाली. दोघांनी वीज बंद केली, वजन सोडलं, जीभ चावली जाऊ नये म्हणून तोंडात फडकं धरलं आणि अंग आवळून वाट बघितली.

तळाला आदळल्यावर दोघेही धड होते. साधारण सहा फुटांचा गोळा, बोलायचं नाही, हलायचं नाही, कारण बोललं की हवा जास्त लागते. खायला चीज-चटणीचं एक सँडविच आणि लेमोनेडचा एक डबा. स्वयंपाकघरातलं अंड्यांचं टायमर घड्याळ लावून ते ठरावीक वेळाने हवा शुद्ध करणारा पंखा फिरवायचे, मधल्या वेळात कार्बन डायऑक्साइड थोडा वाढू द्यायचा. डोकं दुखायचं, पण तास वाचायचे. तीन दिवसांची हवा त्यांनी अशी ताणली.

वर एकामागून एक घोळ. ‘पायसीज २’ खाली गेली तर तिचा दोर तुटला, मग तिच्यात पाणी शिरलं. ‘पायसीज ५’ला ते सापडेचनात. सापडले तर दोर अडकवता येईना. अमेरिकेहून मागवलेलं ‘कर्व ३’ हे यंत्रही आधी बिघडलं. शेवटी १ सप्टेंबरला उघड्या मागच्या कप्प्यात दोन दोर अडकवून वर ओढलं. दुपारी झाकण उघडलं तेव्हा साडेचौऱ्याऐंशी तास झाले होते आणि हवा उरली होती १२ मिनिटांची.

यात तीन गोष्टी जमून आल्या होत्या. कवच शाबूत होतं, वरच्यांशी बोलणं चालू होतं आणि मदतीला त्याच जातीच्या दोन पाणबुड्या होत्या. टायटनच्या बाबतीत यातलं एकही नव्हतं.

चॅपमनने पुढे पाणबुड्यांच्या बचावाचीच कंपनी काढली, ‘रुमिक’. ऑगस्ट २००५ मध्ये कामचटकाजवळ १९० मीटरवर रशियाची ‘एएस-२८’ जाळ्यांत आणि केबलींत अडकली, सात खलाशी आत. ब्रिटनमधून विमानाने आणलेल्या ‘स्कॉर्पिओ ४५’ने ते दोर कापले आणि सातही वर आले. ते पथक रुमिकच्याच परंपरेतलं, तोवर जेम्स फिशर समूहात गेलेलं.

भारतीय नौदलाकडे असं काही आहे का?

आहे, आणि धागा पुन्हा तिथेच जातो. पाणबुडीतल्या खलाशांना सोडवणारी दोन डीएसआरव्ही वाहनं नौदलाने जेम्स फिशरकडूनच घेतली. पहिलं डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत दाखल झालं, दुसरं विशाखापट्टणमला असतं. ती बुडालेल्या पाणबुडीच्या झाकणावर घट्ट बसतात आणि एका फेरीत १४ जणांना आपल्यात घेतात. जुलै २०२५ मध्ये दाखल झालेलं ‘आयएनएस निस्तार’ हे त्यांचं मातृजहाज होऊ शकतं.

पण मर्यादा ६५० मीटरची. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची ‘नांग्गाला’ ५३ खलाशांसह बेपत्ता झाली, तेव्हा विशाखापट्टणमहून आपलं डीएसआरव्ही मदतीला निघालं होतं. ती सापडली ८३८ मीटरवर, तीन तुकड्यांत. आणि पर्यटक पाणबुडीच्या झाकणाला डीएसआरव्ही बसेल अशी बैठक बहुधा नसतेच. टायटनला तर नव्हतीच.

पाच श्रीमंतांसाठी एवढं केलं. गरिबांसाठी कोण करतं?

प्रश्न बरोबर आहे. टायटनच्या चारच दिवस आधी, १४ जून २०२३ ला, ग्रीसच्या पायलॉसजवळ ‘आद्रियाना’ ही मासेमारी बोट उलटली. अंदाजे ७५० स्थलांतरित होते, त्यात बरेच पाकिस्तानी. वाचले १०४. ती बोट बुडण्याआधी कित्येक तास अधिकाऱ्यांना दिसत होती. तिच्यासाठी टीव्हीवर घड्याळ लागलं नाही. मात्र याचा राग शोध घेणाऱ्या खलाशांवर काढू नये. समुद्रावर संकटात असेल त्याला आधी काढायचं, ऐपत नंतर, हा दर्यावरचा जुना रिवाज आहे. पायलॉसला तो मोडला, न्यूफाउंडलंडला पाळला.

खर्चाचं म्हणाल तर अमेरिकी कोस्ट गार्ड शोध-बचावाचं बिल लावत नाही. भरतात करदाते.

उथळ पाण्यातल्या पर्यटक पाणबुड्या तरी सुरक्षित असतात का?

बऱ्याच अंशी हो. १९६४ मध्ये स्वित्झर्लंडच्या प्रदर्शनात झाक पिकार यांच्या पाणबुडीने जिनिव्हा सरोवरात सुमारे ३३ हजार लोकांना पाण्याखाली फिरवलं. कॅरिबियन आणि हवाईत चाळीस वर्षं अशा प्रमाणित पाणबुड्या चालतात. तीसेक मीटरवर काही बिनसलं तर वर यायला वेळ लागत नाही आणि पाणबुडे पोचू शकतात.

पण उथळ म्हणजे निर्धोक नाही. २७ मार्च २०२५ ला इजिप्तमधल्या हुरघाडा इथे ‘सिंदबाद’ पर्यटक पाणबुडी किनाऱ्यापासून जवळच बुडाली. आत ५० माणसं होती, सहा रशियन पर्यटक गेले. त्यात लहान मुलंही होती.

आपल्याकडे सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ निवृत्त युद्धनौका ‘गुलदार’ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा प्रकल्प आहे, त्याला जोडून पर्यटक पाणबुडीचीही चर्चा असते. द्वारकेसाठी गुजरात सरकारने मुंबईच्या माझगाव डॉकशी करार केल्याचं २०२३ च्या अखेरीस जाहीर झालं. मला या कल्पना आवडतात. फक्त मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट किनाऱ्यावर येता येता उलटून दोघं गेले, हे अजून विसरलेलो नाही. तिथे साध्या होडीवर लाइफ जॅकेट मागितलं की ‘काही होत नाही हो’ म्हणतात.

‘मत्स्य ६०००’ म्हणजे आपली टायटनच का?

नव्हे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं ते वैज्ञानिक वाहन आहे, तीन जणांना ६,००० मीटरपर्यंत नेण्यासाठी. माणसं बसतात टायटॅनियमच्या गोळ्यात, आतला व्यास २.१ मीटर, भिंत ८० मिलिमीटर जाड, वेल्डिंगसाठी इस्रोची मदत. आणीबाणीची हवा ९६ तासांची. २०२५ च्या सुरुवातीला चेन्नईजवळ कट्टुपल्ली बंदरात उथळ चाचण्या झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या दोन जणांनी फ्रान्सच्या ‘नॉटिल’मधून अटलांटिकमध्ये ४,०२५ आणि ५,००२ मीटरपर्यंत जाऊन अनुभव घेतला. उशीर होतोय म्हणून टीका होते. या कामात उशिराबद्दल मला तक्रार नाही.

मला जायचंच आहे. काय विचारू?

वर्गीकरणाचं प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं आहे आणि ते किती खोलीचं आहे. तुमच्या बुडीपेक्षा कमी खोलीचं असेल तर तिथूनच परत फिरा. झाकण आतून उघडतं का. बुडी रद्द करण्याचा अधिकार कुणाला आहे, आणि तोच माणूस कंपनीचा मालक आहे का. तेवढ्या खोलीवर पोचणारं दुसरं यंत्र त्या दिवशी कुठे असेल, जहाजावर की दुसऱ्या खंडात. शेवटचा धमाका, गळती, बिघाड कधी झाला. या शेवटच्या प्रश्नावर माणूस हसून विषय बदलतो का, तेही बघा.

‘लिमिटिंग फॅक्टर’ ही डीएनव्ही प्रमाणित पाणबुडी सुमारे ११ किलोमीटर खोल चॅलेंजर डीपमध्ये अनेकदा जाऊन सुखरूप आली. टायटनमध्ये गेलेला हार्डिंग मार्च २०२१ मध्ये तिच्यातूनच तिथे उतरला होता.

आपल्या किनाऱ्यावर कुणी समुद्रात अडचणीत दिसलं तर?

भारतीय तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४. फोनमध्ये ठेवा. बोटीचा रंग, किती माणसं, शेवटची कुठे दिसली आणि किती वाजता, एवढं सांगा. टायटनच्या जहाजाने अधिकाऱ्यांना कळवलं ते संध्याकाळी.